बाबाचं बोट चेंदलं तरी घंटाभर दुखलं नाई, अन आईचं काही न तुटता सहा वर्षांपासून दुखते. डोक्यात नेमकं काय होते?

पऱ्हाटी_यवतमाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब हाये पण पूर्ण वाचा बाप्पा, कारण दोन गोष्टी एकाच घरातल्या हायेत अन मले त्याचा मेळ लागून नाई रायला.

पहिली बाबाची. सोयाबीन कापून वावरातच सुडी लावून ठेवली होती, थ्रेशरवाल्याचा नंबर काही लागत नव्हता, अन एक दिवस संध्याकाळी एकदम आभाळ भरून आलं. बाबा ट्रॉलीतून ताडपत्री ओढत होते तं फाळका सुटला अन सरळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर. नख उचकटून लोंबत होतं, रक्त गळत होतं. मी म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हणे आधी सुडी झाक. त्याच हातानं दोर ओढले, गाठी मारल्या, कडेकडेनं दगड ठेवले, पुरा एक घंटा. मी तीनदा विचारलं दुखते का, तं म्हणे नाई रे, जड जड लागते फक्त. मंग पाऊस पडून गेला, घरी आलो, ओसरीवर बसले, आईनं पान्याचा गिलास हातात देला अन तिथंच माणूस कळवळला. ते रात्रभर झोपले नाई. बोट तेच, जखम तीच, मंग घंटाभर दुखणं गेलं कुठं होतं?

दुसरी आईची. वय 52. कापूस वेचून वेचून आधी कंबर धरली, मंग पाठ, मंग खांदे, आता तं कोणी सहज हात ठेवला तरी अंग चोरते. एक्सरे झाला, एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये वयाप्रमाणं थोडी झीज, बाकी काही नाई. घरातलेच लोक म्हणतात कामाच्या वेळेलेच कशी दुखते हो कंबर. एका डॉक्टरनं तं तोंडावर सांगितलं की मनाचं हाये, काही नाई. आता तालुक्याले नवीन डॉक्टर आले, त्यायनं नीट तपासून ड्युलोक्सेटिन 30 लिहून देली, तं मेडिकलवरचा पोरगा मोठ्यानं म्हणे ही तं डिप्रेशनची गोळी हाये. चार लोकायसमोर. आईनं घरी येऊन ती स्ट्रिप तांदळाच्या कोठीमागं टाकून देली, म्हणे मी पागल नाई.

मी बीएस्सी ॲग्री हाये, पेशी, रिसेप्टर हे शब्द माहीत हायेत, म्हून सोपं करून नका सांगू, खरं काय होते ते सांगा. डोकं दुखणं बंद करू शकते का? अन करू शकते तं आईचं काऊन नाई करत?

फिजिओ_वर्धा

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी आज वर्गात तोच शिकवला. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी वेदनेच्या धड्याला मुली वायरीची आकृती काढतात, बोटापासून मेंदूपर्यंत एक रेघ, वर बाण. मी म्हणते आता दुसरी रेघ काढा, वरून खाली येणारी. तुमच्या बाबांचं अख्खं उत्तर त्या दुसऱ्या रेघेत आहे.

बोटातल्या नसा खबर आणतात ती आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, त्याच्या मागच्या बाजूच्या शिंगासारख्या भागात. तिथे नाका आहे असं समजा. खबर पुढे मेंदूत जाऊ द्यायची, अडवायची, की वाढवून पाठवायची हे त्या नाक्यावर ठरतं, आणि नाक्याला हुकूम येतो मेंदूकडून. मध्यमेंदूत एक बारीक पाण्याची नळी असते, तिच्याभोवती करड्या पेशींचं कडं आहे, पेरिॲक्वेडक्टल ग्रे, आम्ही पीएजी म्हणतो. 1969 साली रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने उंदरांच्या या भागात इलेक्ट्रोड घालून बारीक करंट दिला आणि भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं, उंदीर जागे होते आणि वेदनेची लक्षणं दाखवत नव्हते. म्हणजे दुखणं थांबवायची यंत्रणा मेंदूत आधीपासून बसवलेली आहे, कोणी बाहेरून आणलेली नाही.

पीएजी थेट मज्जारज्जूला फारसं बोलत नाही, मधे मेंदूच्या देठात आरव्हीएम नावाचा भाग आहे तो दुवा. तिथून धागे खाली नाक्यावर.

आता पेशीत काय होतं ते. तुम्ही शेतकरी आहात म्हणून बैलाचं सांगते. पीएजीतली जी पेशी खाली हुकूम पाठवते ती बैल समजा, ताकदीचा, सुटला की निघालाच. पण एरवी त्याचा कासरा एका माणसाने घट्ट धरलेला असतो. तो माणूस म्हणजे शेजारची गाबा सोडणारी पेशी, तिचं कामच दुसऱ्याला गप्प बसवणं. संकटाच्या वेळी शरीर स्वतःची अफू तयार करतं, एंडॉर्फिन, एन्केफॅलिन. (एन्केफॅलिन 1975 मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शोधलं, डुकरांच्या मेंदूतून काढून. त्याच्या दोन वर्षं आधी मेंदूत अफूसाठी रिसेप्टर असतो हे सापडलं होतं, आणि प्रश्न तोच पडला होता की खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला?) हे एंडॉर्फिन बैलाला ढोसत नाही, कासरा धरणाऱ्याचा हात सैल करतं. माणूस ढिला पडला की बैल आपोआप निघतो. ब्रेकवरचा ब्रेक म्हणा. हे मुलींना पटायला वेळ लागतो कारण अफू पेशींना दाबते, मग दाबून काम सुरू कसं होतं, तर दाबणाऱ्यालाच दाबते म्हणून.

हात सैल होतो म्हणजे काय तेही सांगते, तुम्ही सोपं नको म्हणालात. म्यू रिसेप्टर, म्हणजे तेच अफूचं कुलूप, पेशीच्या पडद्यात बसलेला असतो, एंडॉर्फिन त्यावर बाहेरून बसलं की आतल्या बाजूचं जी-प्रोटीन फुटून दोन तुकडे होतात. अल्फा तुकडा सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या) बनवणाऱ्या एन्झाइमला थांबवतो. बीटा-गॅमा तुकडा पोटॅशियमची दारं उघडतो, पोटॅशियम बाहेर पळतं, पेशी आतून आणखी ऋण होते, तिला पेटायला जड जातं. तोच तुकडा नसेच्या टोकावरची कॅल्शियमची दारं लावतो, आणि कॅल्शियम आत आलं नाही तर रसायनाच्या पिशव्या फुटत नाहीत, म्हणजे गाबा सुटतच नाही. हे सगळं सेकंदाच्या आत.

आरव्हीएममध्ये दोन जातीच्या पेशी आहेत, फील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची शेपटी गरम दिव्याखाली धरून त्या ओळखल्या. शेपूट झटकायच्या अगदी आधी एक जात गप्प होते, तिला ऑफ पेशी म्हणतात, तिचं काम वेदना दाबून धरणं. दुसरी त्याच क्षणी जोरात पेटते, ती ऑन पेशी, ती वेदना वाढवते. वरून हुकूम आला की ऑफ चालू राहतात, ऑन दबतात. बाबांच्या वेळी मेंदूपुढे वर्षाचं पीक भिजायची भीती होती, बोट नंतर बघू असा निकाल तिथे झाला. पाऊस गेला, ओसरीवर बसले, हातात गिलास आला, धोका संपला, कासरा पुन्हा आवळला गेला.

दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या डॉक्टरने इटलीत आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारलं की दुखण्याचं औषध हवं का, जवळपास चारातल्या तीन जणांनी नको सांगितलं. 1946 मध्ये त्याने ते छापलं. सुडी काय नि लढाई काय.

आईंबद्दल रात्री लिहिते, ते घाईत लिहायचं नाही.

साधा_माणूस

ताई तुमी छान लिहिलं पण मले वाटते हे शेवटी विलपॉवरचंच हाये. जुन्या लोकायची इच्छाशक्ती दांडगी, आमचे आबाजी इंचू चावला तरी डवरणी सोडत नोते. मन घट्ट केलं की दुखत नाई, आन मन कच्चं असलं की दुखते. आईले जरा भजनात, बायांच्या बचतगटात मन रमवाले सांगा, वाईट वाटून घेऊ नका.

फिजिओ_वर्धा

दादा, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत हे कळतं, पण याच वाक्याने कितीतरी बायका दवाखान्यातून रडत घरी जातात म्हणून इथे थांबून सांगतेच.

1978 साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर प्रयोग केला. काहींना औषध म्हणून नुसती बिनऔषधाची सुई दिली. त्यातल्या ज्यांना बरं वाटलं त्यांना मग नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे अफूच्या रिसेप्टरवर बसून जागा अडवणारं औषध. दुखणं परत आलं. विचार करा, खोट्या औषधाने आलेला आराम खऱ्या औषधाने घालवता आला. तो आराम नुसता मनाचा असता तर रिसेप्टर अडवून गेला नसता. मनात विश्वास आला, मेंदूने एंडॉर्फिन सोडलं, पेशीत जी-प्रोटीन फुटलं, खाली नाका बंद झाला. मन आणि पेशी अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हो.

आणि जे खाली दाबू शकतं तेच वरही ढकलू शकतं. भीती, झोप न होणं, वर्षानुवर्षं येत राहिलेली वेदना यांनी ऑन पेशी जाग्या राहतात. कोलेसिस्टोकायनिन नावाचं एक रसायन त्यांना पेटवतं, तेच जे जेवल्यावर आतड्यात पित्त सोडायला सांगतं, मेंदूत त्याचं काम वेगळं. मग खाली नाक्यावर खबर मोठी होऊन पुढे जाते. कोणी खांद्यावर हात ठेवला, तो साधा स्पर्श, पण वर पोचेपर्यंत दुखणं झालेला असतो. आई अंग चोरतात ते म्हणून. एमआरआयमध्ये हाड दिसतं, चकती दिसते, ऑन पेशी दिसत नाहीत. रिपोर्ट बरोबर आणि आईही खऱ्या, दोन्ही एका वेळी खरं असू शकतं.

कामाच्या वेळेलाच दुखतं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की वाकून दिवसभर वेचणी केल्यावर कंबर कामाच्या वेळी दुखणार नाही तर कधी दुखेल.

भिवापूरची_लेक

माझी आई तीस वर्षं मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडते. भिवापुरी मिरची. लहानपणी ती घरी आली की आम्हाला जवळ घेत नसे, आधी हाताला तेल चोळायची, मग ताक, तरी रात्री हात गार माठाला लावून बसायची. तिची बोटं मी बघितली आहेत, लाल, पण भाजल्याचा एक फोड नाही. तेव्हा मला कळायचं नाही की आग लागलीच नाही तर आग होते कशी.

आता बारावीला शिकवायला लागल्यावर कळलं, मी स्वतः शिकवते म्हणून सांगते. नसेच्या टोकावर टीआरपीव्ही१ नावाचं दार असतं, ते साधारण 43 अंशाच्या वर गरम झालं की उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सायसिन पण तेच दार उघडतं. मेंदूला फरक कळत नाही. डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने हे दार 1997 मध्ये शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं (स्पर्शाच्या दारासाठी पटापूटियन यांच्यासोबत). मी वर्गात हे सांगितलं तर अर्ध्या मुलींच्या आया सातऱ्यावर, एकदम शांतता झाली वर्गात.

पण माझा प्रश्न वेगळा आहे ताई. माझ्या भावाला अपघातानंतर ट्रॅमाडॉल लिहून दिलं होतं. आधी एका गोळीत झोपायचा, दोन महिन्यात तीन लागायला लागल्या, आणि बंद केली की अंगभर आधीपेक्षा जास्त दुखायचं, घाम, जुलाब, चिडचिड. लोक म्हणाले नशेला लागला. तो नशेसाठी घेत नव्हता, दुखतं म्हणूनच घेत होता. त्या कासऱ्याच्या गोष्टीत हे कुठे बसतं?

फिजिओ_वर्धा

बसतं, आणि भावाला दोष देऊ नका कोणी.

रिसेप्टर सारखा दाबलेला राहिला की पेशी स्वतःला सावरते. आधी एक एन्झाइम रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रोटीन तिथे येऊन बसतं आणि जी-प्रोटीनला हात लावू देत नाही, काही रिसेप्टर तर पेशीच्या आत ओढून घेतले जातात. म्हणून तेवढ्याच गोळीत भागत नाही. दुसरीकडे सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम महिनाभर दाबून ठेवलं होतं ना, पेशी त्याची ताकद वाढवत नेते. गोळी अचानक काढली की दाब गेला आणि ते एन्झाइम उसळतं. गाबाच्या पेशी दुप्पट जोराने कासरा आवळतात, बैल जागेवरच. घाम, जुलाब, वाढलेलं दुखणं हे त्या उसळीचं. म्हणून ही गोळी कधीच झटक्यात बंद करायची नसते, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवायची. आपल्याकडे 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्यात आहे ते उगीच नाही.

पऱ्हाटी दादा, हे तुमच्यासाठी पण. घरात कोणाचं उरलेलं ट्रॅमाडॉल असेल तर आईंना ड्युलोक्सेटिनसोबत चुकूनही देऊ नका. दोन्ही सेरोटोनिन (नसांमधलं निरोप नेणारं एक रसायन) वाढवतात, सोबत घेतलं तर अंग थरथरणं, ताप, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत जाऊ शकतं. शिवाय यकृतातलं जे एन्झाइम ट्रॅमाडॉलला कामाच्या रूपात बदलतं त्यालाच ड्युलोक्सेटिन अडवतं, म्हणजे धोका पुरा आणि आराम अर्धा.

ढोरांचा_दवाखाना

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात हाये, 19 वर्षं झाली, माणसांचं मले समजत नाई पण एक गोष्ट वाचता वाचता ध्यानात आली म्हून लिहितो.

घोड्याले नाल ठोकताना नाईतर टाके घालताना वरच्या ओठाले दोरीचा फास आवळतात, घोडा एकदम शांत उभा राह्यते. आम्ही समजत होतो दुखते म्हून हलत नाई. 1984 मध्ये हॉलंडच्या लोकायनं मोजलं तं फास लावल्यावर रक्तात एंडॉर्फिन वाढलेलं होतं, अन नॅलॉक्सोन देल्यावर फासाचा असर गेला. म्हंजे तोच कासरावाला माणूस घोड्यातही बसला हाये.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. बैलाचं शिंग मोडलं, खूर कापाचा हाये, तवा आम्ही झायलाझिन देतो. घोड्याले जेवढं लागते त्याच्या दहाव्या हिश्श्यात बैल खाली बसते, म्हून फार जपून भराव लागते. ते अफूचं औषध नाई, ते अल्फा-2 रिसेप्टरवर बसते. अन ताई, अल्फा-2 ले आतून जी-प्रोटीन तेच ना, दाबणारं? तीच पोटॅशियमची दारं, तेच कॅल्शियम? मंग पऱ्हाटीच्या आईची गोळी सेरोटोनिनसारखंच नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन पण वाढवते, ते नॉरॲड्रेनालिन पण मज्जारज्जूत त्याच अल्फा-2 वर जाऊन बसत असन. मी बरोबर बोलून रायलो का? असं असन तं ती डिप्रेशनची गोळी कशी, ती तं नाक्यावरची गोळी झाली.

अन पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतो, जुवानं सोललेले असते ते. चोळल्यानं दुखणं कमी होते हे मेलझॅक अन वॉल यायनं 1965 मध्ये मांडलं, की स्पर्शाच्या जाड नसा नाक्यावर आधी पोचतात अन बारीक नसांची खबर अडवतात. आपल्या बुढ्यायनं ते हातानं ओळखलं होतं. खांदमळणीच्या दिवशी बैल डोळे मिटून उभा राह्यते, तुमी पाह्यलं असन.

फिजिओ_वर्धा

डॉक्टर, अगदी बरोबर बोलून रायले तुम्ही! मी हेच रात्री लिहिणार होते आणि तुम्ही बैलावरून येऊन पोचलात.

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस म्हणून निळसर ठिपका आहे, तिथल्या पेशी मज्जारज्जूच्या नाक्यावर नॉरॲड्रेनालिन सोडतात. ते सुटलं की लगेच परत ओढून घेतलं जातं. ड्युलोक्सेटिन ते परत ओढणं अडवतं, म्हणून नॉरॲड्रेनालिन नाक्यावर जास्त वेळ थांबतं, अल्फा-2 वर बसतं, आत तेच दाबणारं जी-प्रोटीन, तीच दारं. अफूची किल्ली वेगळी, ही किल्ली वेगळी, आतली खोली एकच. झायलाझिन थेट रिसेप्टरवर बसतं म्हणून बैल दहा मिनिटांत खाली, आणि ड्युलोक्सेटिन शरीराच्याच नॉरॲड्रेनालिनवर काम करतं, त्याचा पुरा फरक दिसायला आठवडे लागतात.

अमेरिकेत ही गोळी 2004 मध्ये डिप्रेशनसाठी आणि त्याच वर्षी मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यासाठी मंजूर झाली, 2008 मध्ये फायब्रोमायल्जियासाठी (अंगभर दुखत राहण्याचा आजार), 2010 मध्ये कंबर-गुडघ्याच्या जुन्या दुखण्यासाठी. तर त्या मेडिकलवरच्या पोराला अर्धंच माहीत होतं. आणि डिप्रेशन असतं तरी त्यात पागलपणा काही नव्हता, हेही आईंना सांगा.

सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, काहींना थोडाच फरक पडतो. सुरुवातीला मळमळतं, तोंड सुकतं. बीपी, काचबिंदू, लिव्हरचं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि चालू केली तर मनाने बंद करायची नाही. झोप आणि रोजचं थोडं चालणं सोबत हवंच, एकट्या गोळीवर भार टाकू नका.

पऱ्हाटी_यवतमाळ

सगळ्यायचे पाय धराव वाटते. काल संध्याकाळी आई चुलीपाशी बसली होती, मी तिथंच मोबाईल घेऊन बसलो अन सगळं वाचून दाखवलं, बैल, कासरा, नाका. बाबा ओसरीवरून ऐकत होते, बोटाची पट्टी सोडवत. खांदमळणीचं आलं तं आई हसली. मंग बराच वेळ भाकर थापत रायली अन एकदम म्हणे, "म्हंजे माह्या पाठीत खरंच काहीतरी होते. मी सांगत होती तं कोणी आयकत नोतं." तिचा आवाज भरून आला होता. बाबा काही बोलले नाई, उठून कोठीमागून स्ट्रिप काढून चहाच्या डब्याजवळ ठेवली. तालुक्याच्या डॉक्टरले मी फोन करून बीपीचं सांगितलं, ते म्हणे चालते, सुरू करा.

एकच राह्यलं ताई. आई पहाटे पाचले उठून उपाशीच वावरात जाते, न्याहारी दहाले. गोळी सकाळीच घ्यायची असं लिहिलं हाये, तं उपाशी चालन का?

फिजिओ_वर्धा

उपाशी नको, मळमळेल. दहाला न्याहारी झाली की तिथेच वावरात घेऊ द्या, रोज तीच वेळ. गोळी अख्खी गिळायची, कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही. डबीत टाकून पदराला बांधून द्या, ऊन लागू देऊ नका.